खार, खाचरं आणि माळ: शेतात जपायचं काय, ते ठरवायचं कसं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कळव्याला राहता. भिवंडी तालुक्यात, वसईच्या खाडीलगत तुमची 6 एकर वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातली 2 एकर खार, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन, तिच्या बांधापलीकडे थेट खाडी. मधे भाताची खाचरं, वर थोडा माळ, एका अंगाने ओढा. वडील थकले आहेत. तुम्हा भावंडांना शेती चालू ठेवायची आहे आणि जोडीला चार खोल्यांचं कृषी पर्यटनही करायचं आहे. एका सल्लागाराने मे महिन्यात एक दिवस येऊन ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असे काही आढळले नाही’ असा अहवाल दिला. त्याच्या जोरावर धाकटे भाऊ खालच्या कोपऱ्यात मुरुमाचा भराव टाकून गाड्यांची जागा करायची म्हणतायत. तुम्हाला विचारायचंय ते असं, की या जमिनीत खरंच जपण्यासारखं काही आहे का, आणि ते आपलं आपण कसं ओळखायचं.

तो अहवाल बाजूला ठेवा. सल्लागाराने लबाडी केली असं मी म्हणत नाही. मे महिन्यात त्या जमिनीत खरोखरच काही दिसत नाही: खार तडकलेली, ओढा कोरडा, माळ चरलेला नाहीतर जळालेला. पण ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही भातजमिनीबद्दल, ती पावसात न बघता दिलेलं मत मी धरत नाही.

आणखी एक घोळ त्या एका वाक्यात आहे. कायद्याने संवेदनशील ठरवलेली जागा आणि शेताच्या दृष्टीने नाजूक असलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी. कधी त्या एकमेकींवर बसतात, बऱ्याचदा बसत नाहीत. उदाहरण द्यायचं तर पाणथळ जागांचे 2017 चे केंद्रीय नियम घ्या. त्यांत पाणथळीच्या व्याख्येतून भातखाचरं वगळलेली आहेत. नदीपात्रं, मिठागरं, सिंचनासाठी आणि पिण्यासाठी बांधलेले तलावही वगळलेले आहेत. म्हणून तुमच्या खाचरातले बेडूक, मुठे (शेतातले खेकडे) आणि मासे नाहीसे होत नाहीत. ‘नियमात नाही’ याचा अर्थ ‘जमिनीत नाही’ असा लावला की मग भरावाच्या गाड्या येतात. तेव्हा दोन वेगळे कागद घ्या. एकावर कायदा, दुसऱ्यावर जमीन. दुसरा कागद भरताना झोन, रंग, नकाशे विसरा आणि एकच बघा: पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं. आपल्या भागात शेतातल्या बहुतेक सगळ्या नाजूक जागा या वाटेवरच असतात.

आधी कायद्याचा कागद उरकून टाकू.

सातबारा काढा आणि पिकाखालच्या क्षेत्राआधी पोटखराबा किती आणि कुठल्या वर्गाचा लागलाय ते बघा. ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य. ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक उपयोगासाठी बाजूला ठेवलेलं. मग गावनकाशावर आणि जुन्या मोजणीच्या नकाशावर ते क्षेत्र नेमकं कुठे पडतं ते शोधा. माझ्या अनुभवात शेतातली निम्मीअधिक जपायची जागा पोटखराब्यात निघते. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीदारांना पर्यावरणाशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना फक्त सारा लावायचा होता. पण सारा न लावण्यासारखी जागा म्हणजे खडकाळ, ओली, कड्याची किंवा वाहत्या पाण्याची, हे त्यांनी चोख टिपून ठेवलं. ‘इतर हक्क’ या रकान्यात वनखात्याची नोंद आहे का तेही बघा. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदी ठाणे जिल्ह्यात पुष्कळ सातबाऱ्यांवर आहेत. तशी नोंद निघाली तर माळावर कुदळ मारण्याआधी वकील गाठा.

कायद्याच्याच कागदावरची दुसरी नोंद किनारा नियमनाची, म्हणजे सीआरझेडची. 2011 च्या अधिसूचनेत खाडीच्या काठाने भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते क्षेत्र नियमनात होतं. 2019 च्या अधिसूचनेत 100 चे 50 झाले. पण तुमच्या दृष्टीने खरं कलम दुसरंच आहे आणि ते बांधाबद्दल आहे. 19 फेब्रुवारी 1991 च्या आधी बांधलेला बांध किंवा उघाडी (बांधातलं, आतलं पाणी बाहेर सोडायचं झडपेचं दार) असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते असं 2019 ची अधिसूचना म्हणते. म्हणजे बांधाच्या आतली तुमची खार भरतीरेषेच्या अलीकडे धरली जाते. मात्र तिथेच पुढे म्हटलंय की खारं पाणी आत शिरून बांधाच्या अलीकडे तिवरं, म्हणजे कांदळवनातली खारफुटीची झाडं, उगवली असतील, तर तेवढं क्षेत्र सर्वात कडक, म्हणजे एक-अ वर्गात जाईल आणि ते दुसऱ्या कशासाठी वापरता येणार नाही.

हे नीट समजून घ्या, कारण खारजमीन असलेल्या शेतकऱ्याचं सगळं भवितव्य इथे अडकलंय. बांध फुटला, दोन-तीन पावसाळे कुणी दुरुस्त केला नाही, उधाणाचं पाणी येत राहिलं, की तिवराची रोपं आपोआप रुजतात. घोडबंदर, कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली, उरण, कुठेही बघा, हाच क्रम दिसेल. एकदा तिवर उभं राहिलं की ते तोडता येत नाही. 6 ऑक्टोबर 2005 चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जमिनीची मालकी कुणाची हे बघत नाही. राज्यभर तोड बंद, राडारोडा टाकणं बंद आणि कांदळवनाभोवती 50 मीटरांत बांधकाम बंद. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने ते पक्कं केलं. काही जण रातोरात बांधाचं तोंड बुजवून आतली तिवरं सुकू देतात आणि ‘आम्ही कुऱ्हाड लावली नाही’ म्हणतात. तिवराचं भरती-ओहोटीचं पाणी तोडणं म्हणजे ते मारणंच, आणि उपग्रहाच्या चित्रात ते महिन्यागणिक दिसतं. तुमच्या खारीत तशी रोपं आली असतील तर बांधाला हात लावण्याआधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी आणि खारभूमी विभागाशी लेखी बोला.

म्हणून बांध 1991 पूर्वीचा आहे याचे पुरावे आजच गोळा करा. जुना मोजणी नकाशा, खारभूमी योजनेची कागदपत्रं, आजोबांच्या काळातल्या सातबाऱ्यावरची भाताची पीकनोंद. आणि दरवर्षी ई-पीक पाहणीत खारीतलं भात नोंदवत जा. नोंद करायची राहून गेली की कागदावर जमीन पडीक दिसते, आणि पडीक खारीवर पहिली नजर भराव टाकणाऱ्यांची जाते.

आता जमिनीचा कागद. इथे घाई नको. पूर्ण वर्ष लागेल, पण काम अवघड नाही.

एका मोठ्या कागदावर जमिनीची हातानेच आकृती काढा. पहिली फेरी पावसाच्या आधी. दुसरी जुलैमध्ये, जोराचा पाऊस आणि अमावस्या-पौर्णिमेचं उधाण एकत्र येईल त्या दिवशी. मुंबईची भरतीची वेळापत्रकं छापून येतात. त्यांत साडेचार मीटरच्या वरची भरती असलेला दिवस निवडा आणि भरतीच्या तासभर आधी बांधावर जाऊन उभे राहा. वरून येणारं पाणी आणि खालून चढणारी खाडी एकमेकांना कुठे अडवतात ते त्या दोन तासांत जेवढं कळतं तेवढं वर्षभराच्या मोजणीत कळत नाही. जिथे पाणी साठून राहतं तिथे बांबू रोवून त्यावर खूण करा. तिसरी फेरी ऑक्टोबरात, पाणी उतरताना. चौथी जानेवारी-फेब्रुवारीत, ओल कुठे टिकून आहे ते बघायला.

जोडीला गावातल्या वयस्कर बायामाणसांना बसवून विचारा. प्रश्न ‘जैवविविधता’ वगैरे शब्दांत विचारू नका. वलगणीचे मासे तुमच्या शेतात कुठून चढायचे आणि अजून चढतात का, एवढंच विचारा. पहिल्या मोठ्या पावसात मरळ, शिंगटी, खवली हे मासे अंडी घालायला ओढ्यातून खाचरांत चढतात. ती वाट अजून चालू असेल तर तुमचा ओढा आणि तुमची खाचरं एकमेकांशी जोडलेली आहेत. वाट बंद झाली असेल तर कुठे बंद झाली ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या सिमेंटच्या मोरीत सापडतं, जिचं तळ ओढ्याच्या तळापेक्षा हातभर उंच ठेवलेलं असतं. मासा तेवढी उडी मारत नाही. माझ्या मते मोठमोठ्या जलपरीक्षणांपेक्षा ही एक खूण जास्त सांगते, आणि तिला खर्च शून्य.

अशाच आणखी खुणा. माळाच्या कडेला झाडोऱ्यात जूनमध्ये शेवळं उगवतात का? ठाण्याच्या बाजारात काकडाच्या फळांबरोबर ज्या रानभाजीच्या जुड्या विकायला येतात तीच. शेवळाचा कंद दबलेल्या, नांगरलेल्या, जेसीबी फिरलेल्या जमिनीत टिकत नाही, म्हणून ती जिथे येतात ती माती बरीच वर्षं कुणी हलवलेली नाही असं समजा. खाचराच्या बांधात मुठ्यांची बिळं आहेत का? ओढ्यात शेरणीची झुडपं दगडांना धरून आहेत की त्यांच्या जागी पाणकणीस आणि जलपर्णी आलीय? पाणकणीस माजलं असेल तर वरून कुणाचं तरी सांडपाणी येतंय. खारीच्या आतल्या अंगाला मारांडीची काटेरी पानं किंवा तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दिसली तर बांध कुठेतरी पाझरतोय, डोळ्यांना भगदाड दिसो न दिसो.

पक्ष्यांबद्दल एकच सांगतो, कारण तिथे फसगत फार होते. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पाणपक्षी आतल्या उथळ पाण्यावर येऊन बसतात. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर रोहित पक्षी दिसतात ते याच कारणाने. ठाणे खाडी अभयारण्य 2015 सालचं, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. पण अभयारण्याची रेषा पक्ष्याला ठाऊक नसते. तुमची खार ओहोटीला बघितली तर रिकामी दिसेल. ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऐन भरतीला बघा, मग ठरवा.

मातीची तपासणी खारीत करावीच लागेल, आणि त्यात दोन चुका सर्रास होतात. पहिली वेळेची. पावसाने क्षार धुऊन निघतात, म्हणून ऑक्टोबरच्या नमुन्यात खार गोडी निघते. खरा आकडा एप्रिल-मेमध्ये मिळतो, जेव्हा खालचा क्षार ओलीबरोबर वर चढलेला असतो. नमुना वरच्या 15 सेंटीमीटरचा वेगळा आणि त्याखालच्या 15 चा वेगळा घ्या. दुसरी चूक आकड्याच्या अर्थाची. पुस्तकात क्षारयुक्त जमीन म्हणजे विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, असं लिहिलेलं असतं. तो आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा एका भागाला अडीच भाग पाणी घालून वाहकता मोजतात, आणि त्यात तीच माती बरीच कमी खारी दिसते. कार्डावर दीड किंवा दोन आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कुठल्या पद्धतीने मोजलंय ते विचारा. भाताला संपृक्त अर्काच्या हिशेबात 3 च्या पुढे फटका बसायला लागतो.

आता मूल्यमापन. सल्लागार मंडळी इथे तक्ता काढतात: झाडं 6 गुण, पक्षी 4, पाणी 7, माती 5, आणि मग सरासरी. सरासरी काढू नका. खाडीच्या बांधाला पक्ष्यांचे शून्य गुण मिळतील, म्हणून तो ‘मध्यम महत्त्वाचा’ ठरणार का? तो गेला तर 2 एकर जातात आणि शेजाऱ्याचेही जातात. मी प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारतो. हा तुकडा बिघडला तर पाच-सात वर्षांत पुन्हा होता तसा करता येईल का? याच्यावर खालचं किंवा वरचं दुसरं काय अवलंबून आहे? आणि याला आत्ता, येत्या वर्षात, धोका आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर बाकी गुण कितीही कमी असोत, तो तुकडा वरच्या वर्गात. दुर्मिळपणा आणि देखणेपणा मी त्यानंतर बघतो. नाला परत वाहता करता येतो, गवत परत येतं. पण ओल धरणारी खोलगट जागा मुरुमाने भरली की तो मुरूम उपसून खालची माती पूर्ववत करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून, प्रत्यक्ष न बघता, माझा क्रम असा लागतो: खाडीचा बांध आणि उघाडी, खालचा पाणी साठणारा कोपरा, ओढ्याचा काठ, माळाच्या कडेचा झाडोरा, खाचरं, आणि शेवटी रस्त्यालगतची पट्टी, जिथे आधीच पत्र्याची शेड आहे. बांधकाम जे काही करायचं ते या शेवटच्या पट्टीत.

निगेचं बोलायचं तर बांधापासून सुरुवात. उघाडीची झडप भरतीला पाण्याच्या दाबाने मिटली पाहिजे आणि ओहोटीला आपसूक उघडली पाहिजे. ती बिघडते ती बहुधा प्लॅस्टिकने. खाडीतून आलेली एक थैली फटीत अडकली की प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येत राहतं आणि तुम्हाला वाटतं यंदा भात पिवळं का पडलं. पावसाळ्यात उघाडी दर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास साफ झालीच पाहिजे, आणि हे काम कुणाचं ते घरात नावानिशी ठरवा. बांधाची डागडुजी खाडीच्या चिकणमातीनेच करा. मुरूम पाणी धरत नाही, आणि राडारोडा तर नाहीच नाही. फुकट मिळतो म्हणून डेब्रिजच्या गाड्या बांधावर रित्या करून घेणारे लोक मी ठाण्यापासून पनवेलपर्यंत पाहिलेत. त्यातल्या विटा-सिमेंटच्या फटींतून पाणी वाट काढतं, आणि कांदळवनाजवळ असेल तर गुन्हाही दाखल होतो. बांधावर गवत राहू द्या, मोठी झाडं नकोत. बाहेरच्या अंगाला तिवरं असतील तर तुम्ही नशीबवान. लाटेचा मार ती आधी घेतात.

खारीत पेरणीआधी पावसाचं पाणी दोन-तीनदा साठवून ओहोटीला सोडून द्या, म्हणजे वरचा क्षार निघून जातो. बियाण्यासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2 आणि 3 या जाती विचारा. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. गावात कुणाकडे राता भाताचं बी शिल्लक असेल, तर ते निदान एका खाचरात जपा. काळा राता, भुरा राता या जुन्या जाती खारं पाणी सोसतात, आणि एकदा गेलेलं बी परत मिळत नाही. कापणीनंतर धसकटं जाळू नका. उघड्या मातीतून उन्हाळ्यात क्षार जास्त वर येतो, झाकलेल्या मातीतून कमी.

वरच्या खाचरांत माझा एकच हट्ट आहे: बांधांवर तणनाशक मारू नका. मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे. पण बांध गवताच्या मुळांनी धरलेला असतो. ते जाळलं की जुलैमध्ये बांध बसतो, माती ओढ्यात जाते आणि फवारलेलं औषधही तिच्याबरोबर. हल्ली बिनमशागतीची भातशेती लोकप्रिय आहे. नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेली पद्धत त्यातली नावाजलेली. माती वाहून जाणं थांबतं हा तिचा मोठा गुण, पण तिची भिस्त तणनाशकावर आहे. ती वापरायची तर ओढ्याला लागून असलेली खाचरं सोडून वापरा, तिथे कोळपं किंवा हातच चालवा. खताबाबत चारसूत्री पद्धत अजूनही मला पटते. लावणी 15 आणि 25 सेंटीमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर करायची, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची गोळी 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची, आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचा. नत्र मुळाशी राहतं. वरून फेकलेला युरिया पहिल्या मुसळधारेत ओढ्यातून थेट खाडीत जातो आणि तुमचे पैसेही.

ओढ्याच्या दोन्ही काठांना निदान 5 मीटर पट्टा नांगराबाहेर ठेवा. उतार जास्त असेल तिथे आणखी. करंज, उंबर, जांभूळ असतील ते राखा, नसतील तर करंज लावा, तो खाऱ्या वाऱ्यातही तग धरतो. ओढा सरळ करून देतो, खोल करून देतो असं सांगत कुणी मशीन घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवा. वळणं काढली की पाणी वेगाने खाली येईल आणि उधाणाच्या दिवशी तुमच्याच खारीत अडेल.

माळाबद्दल थोडं उलटं बोलतो. तिथे झाडं लावायची घाई करू नका. मोकळं गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा, असं शहरातून आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आणि मग कुणीतरी दोनशे रोपं घेऊन फोटोसाठी येतं. पातळ मातीच्या, कातळाच्या माळावर पावसाळ्यात जे गवत आणि छोटी फुलझाडं येतात ती सावलीत टिकत नाहीत. आपल्याला तिथे करायचंय ते निराळंच. रानमोडी आणि घाणेरी हटवा, रानमोडी नोव्हेंबरात फुलण्याआधी उपटा. डिसेंबर-जानेवारीत गवत कापून कडेने जाळरेषा काढा, म्हणजे मार्चचा वणवा झाडोऱ्यात शिरत नाही. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजण्यासाठी, ऐनाचे टहाळ तोडणं बंद करता आलं तर उत्तम. गादीवाफ्यावर, शेणखत घालून रोपं तितकीच चांगली होतात. पण वडिलांचा राबावर विश्वास असेल तर भांडू नका, एक वाफा तसा आणि एक असा करून दाखवा. झाड पाडायचं असेल तर मात्र 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते का, ते आधी वनखात्यात विचारा. स्वतःच्या जमिनीतलं झाडही त्यातून सुटत नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुमच्या वरच्या बाजूला गोदामं येतायत असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. भिवंडीत हे व्हायचंच. गोदामाचा भराव दीड-दोन मीटर उंच होतो आणि जे पाणी तिथल्या खाचरांत थांबायचं ते तुमच्या अंगावर येतं, किंवा ओढ्याची वाटच अडते. त्यासाठी जुलैच्या फेरीतले फोटो तारखेसह ठेवा, बांबूवरच्या खुणा वहीत उतरवा. नैसर्गिक प्रवाह अडवला गेला असेल तर 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. अट एवढीच की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक पुढच्या पावसापर्यंत वाट बघतात आणि मुदत हुकते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमचा ओढा, वलगणीची वाट, राता भाताचं बी, हे सगळं तिच्यात लिहून घ्यायला सांगा. उद्या सुनावणीत तुमच्या एकट्याच्या वहीपेक्षा पंचायतीच्या नोंदीला वजन येतं.

पर्यटनाच्या खोल्या करा, त्यात वाईट काही नाही. खाडीच्या बाजूला दिवे नकोत, सांडपाणी ओढ्यात नको, आणि ‘तलाव’ हवा म्हणून ओलसर जागेत प्लॅस्टिक अंथरून शेततळं करू नका. प्लॅस्टिकच्या तळ्यात पाणी जमिनीशी बोलत नाही, आणि त्याच्या गुळगुळीत कडांवरून बेडूक, साप, कधी कुत्रंही वर येऊ शकत नाही. आधीच असेल तर काथ्याचे दोर किंवा चटई कडेने सोडा.

राहिला धाकट्या भावांचा भराव. खालचा कोपरा म्हणजे तुमच्या सगळ्या जमिनीचं पाणी उघाडीतून बाहेर पडायच्या आधी जिथे थांबतं ती जागा, असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं. भरतीच्या चार-पाच तासांत उघाडी मिटलेली असते. त्या वेळात पडणाऱ्या पावसाला उभं राहायला तेवढीच जागा आहे. नवी मुंबई वसवताना सिडकोने खाडीकाठी धारण तलाव ठेवले ते याच हिशेबाने. तुमच्या आजोबांनी तो कोपरा न भरता ठेवला, तोही याच हिशेबाने असावा. तिथे मुरूम पडला तर पाणी मागे सरकेल आणि वरच्या खाचरांत लावणी बुडेल. भावांना हे माझ्या शब्दांवर पटणार नाही, पटू पण नये. जुलैच्या मोठ्या उधाणाला त्यांना त्या कोपऱ्यावर घेऊन जा आणि पाणी कुठवर चढतं त्याची खूण त्यांच्याच हाताने बांबूवर करून घ्या. तोवर मुरुमाची ऑर्डर थांबवा. गाड्यांसाठी रस्त्यालगतच्या शेडमागची जागा मोजून बघा. चार खोल्यांच्या पाहुण्यांना सहा गाड्यांपलीकडे जागा लागत नाही. आणि मातीचा नमुना मात्र पाऊस लागायच्या आत काढा, तो जुलैपर्यंत थांबणार नाही.